रंगरावाचं भूत

फासा टेबलावरून गडगडत गेला, शालनकाकूंच्या डब्याला आपटला आणि एकाचा आकडा वर घेऊन थांबला.

"एकच हाय न्हवं?" काकूंनी विचारलं. कपाळावर सरकवलेला चष्मा त्यांनी खाली घेतला.

"एकच," मी म्हणालो.

"मग?"

"दोर तुटला, काकू. विहीर खोल आहे. खाली पाणी नाही, दगड आहेत." मी फासा उचलून घेतला. "रंगराव गेला."

"गेला म्हंजे? आत्ता तर भाकरी टाकून उठला त्यो."

"तेच तर सांगत होतो मी," अस्मा म्हणाली. "थांबा म्हटलं, दुसरा दोर आणूया म्हटलं. ऐकतोय कुठं म्हातारा! रुसून निघाला तरातरा."

"जेवला न्हाई," काकू म्हणाल्या. रंगरावाचं नाव, वय, बळ आणि मिशी असं सगळं पेन्सिलीनं लिहिलेला कागद समोर होता, तो त्यांनी घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि पर्सची चेन ओढली.

याला बरीच वर्षं झाली. मी आता पुण्यात असतो. हा खेळ हल्ली पुष्कळ पोरं खेळतात आणि त्यातली काही मला फोन करून नियम विचारतात. 'आमच्यातल्या एकाचं पात्र मेलंय आणि तो म्हणतोय मी भूत होऊन परत येणार, काय करू?' हा प्रश्न तर हमखास असतो. मी उलट विचारतो, मेला तेव्हा जेवला होता का? पोरं हसतात. त्यांना वाटतं, दादा गंमत करतायत.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. टेबलाभोवती बसायचं. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतला एकेक माणूस व्हायचं आणि त्याच्या तोंडून बोलायचं. उडी मारायची असो, कुलूप फोडायचं असो, फासा टाकायचा. जास्त पडले तर जमलं, एक पडला तर कपाळमोक्ष. गोष्ट सांगणारा तो मास्तर, आणि कोल्हापुरात आमच्या टेबलाचा मास्तर मी होतो. राज्य माझं आणि सत्ता फाशाची. मला ही व्यवस्था फार आवडायची, कारण मी मुळात नियमांचा माणूस. बाबांच्या चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढून काढून स्वभावच तसा झाला होता. अक्षर वाचता आलं तर आलं, नाही तर नाही.

दुकानाच्या वरच्या खोलीत आम्ही रविवारी दुपारी बसायचो. भिंतीवर डोळे तपासायचा जुना तक्ता, मध्ये एक पाय लंगडा असलेलं टेबल. धैर्यशील इंगवले हा माझा कॉलेजपासूनचा मित्र, तो गोष्टीत सोमा नावाचा वैद्य व्हायचा. अस्मा बागवान औषधांच्या दुकानात कामाला होती आणि टेबलावर ती चिमणी नावाची चोरटी. अस्मा अस्सल कोल्हापूरची, म्हणजे बाई असून 'मी आलो, मी गेलो' असं बोलणारी. काकूही तशाच. शालनकाकू म्हणजे धैर्याची आई.

काकू खेळायला म्हणून आल्याच नव्हत्या. आप्पा, धैर्याचे वडील, अचानक गेले. त्यानंतर रविवारी आईला घरात एकटं कसं ठेवायचं, म्हणून धैर्या त्यांना सोबत घेऊन आला. त्या कोपऱ्यात बसून मेथी निवडायच्या. दुसऱ्याच रविवारी मेथीतून मान वर न करता म्हणाल्या, "त्या दारातनं जाऊ नगा रे, आत कायतरी हाय." आत खरंच होतं. मी चार रात्री जागून रचलेला सापळा त्यांनी एका वाक्यात उघडा पाडला. मी चिडलो, पण अस्मानं त्यांना हाताला धरून टेबलाशी आणून बसवलं.

"काकू, तुम्ही कोण होणार?" मी विचारलं. "राणी? जादूगारीण?"

"म्हातारा."

"म्हातारा?"

"मिशीवाला. कुणाचं म्हणून ऐकत न्हाई असा. रंगराव लिही."

"रंगरावाच्या घरी कोण कोण असतं?"

"बायको हाय."

"तिचं नाव?"

"तिचं कशाला?" काकू म्हणाल्या. "ती कुठं येणाराय खेळायला."

रंगराव झाल्या की काकूंचा आवाज खाली उतरायचा. त्या नसलेल्या मिशीवरून बोट फिरवायच्या, चिमणीला दम भरायच्या, सोम्याच्या काढ्यांची टिंगल करायच्या. राजवाड्यात मेजवानी असो की जंगलात भाजलेलं कणीस असो, पहिला घास घेतला की रंगराव म्हणायचा, "मीठ कमी हाय." आम्ही तिघंही त्याची वाट बघायचो. हा रंगराव मरेल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. पण त्या रविवारी चिमणीशी वाद झाला, म्हातारा भाकरी टाकून उठला, एकटाच त्या जुन्या विहिरीत उतरला आणि एक पडला.

खाली उतरताना धैर्यानं मला जिन्यात थांबवलं. काकू आणि अस्मा पुढे गेल्या होत्या.

"अभ्या, कायतरी कर."

"एक पडला. तू बघितलास. मी काय करू?"

"घरात आई दोनच वाक्यं बोलते. कुकर लावलाय, आणि दाराला कडी घाल. एवढीच. बाकी दिवसभर गप्प. फक्त इथं बोलते, हसते. तुला काय वाटतं, आता ती पुढच्या रविवारी येईल?"

"मेलेला माणूस मी जिवंत केला तर फाशाला काय अर्थ राहिला?"

"जिवंत करू नको," धैर्या म्हणाला. "पण ती येईल असं कर."

मी आठवडाभर डोकं चालवून काकूंसाठी नवं पात्र तयार केलं. नदीकाठची एक जडीबुटीवाली, औषधं जाणणारी, भविष्य सांगणारी. फार देखणं पात्र होतं, माझं मलाच कौतुक वाटत होतं. रविवारी काकू आल्या. दहीभाताचा डबा टेबलावर ठेवला. आम्ही जैन, म्हणून आमच्याकडे येताना त्या नेहमी कांदा-लसूण नसलेलंच काहीतरी आणायच्या. मी नवा कागद पुढे सरकवला. त्यांनी तो बोटानं तसाच मागे सारला आणि पर्समधून जुना, घडी घातलेला कागद काढला.

"रंगराव आलाय," त्या म्हणाल्या.

"काकू, रंगराव मेला."

"मेला न्हवं? मग मेलेला आलाय."

"म्हणजे भूत?" अस्मानं विचारलं.

"भूत म्हण की. परत यायचं असलं एखाद्याला तर येऊ दे की. कोण नगं म्हणालंय त्याला?"

हे शेवटचं वाक्य त्या इतक्या जोरात बोलल्या की आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो. धैर्यानं माझ्याकडे पाहून हळूच हात जोडले. मी भूत मंजूर केलं.

आणि खेळाचं वाटोळं झालं. भुताला तलवार लागत नाही, भूक लागत नाही, भीती वाटत नाही. भिंत आली की रंगराव आरपार जाऊन पलीकडचं सगळं सांगून मोकळा. मी रात्र रात्र जागून बांधलेल्या भुयारांना काही किंमतच उरली नाही. शिवाय भूत झाल्यापासून तो जेवणाबद्दल बोलेना. भाकरी काढली की मागे सरकून बसायचा. आमचं हसणं कमी झालं. तिसऱ्या रविवारी निघताना अस्मा मला म्हणाली, "मास्तर, मी पुढच्या वेळेपासनं येत नाही. माझी चिमणी कुलपं फोडणारी. आता कुलूप दिसलं की म्हातारा आत शिरून सांगतोय, काय नाही, नुसती जळमटं हायत. मग मी इथं बसून काय करू, शेंगा फोडू?"

"एकदा ये. मी काढतो काहीतरी मार्ग."

"आणि काकूंना दुखवू नको हां," ती वर मलाच म्हणाली.

मार्ग म्हणून मी नियमच काढला. पुढच्या रविवारी आल्या आल्या जाहीर केलं, की भूत राहतं ते काही इच्छा राहिली म्हणून. काकूंनी ती इच्छा मला एकट्याला सांगावी. बाकीच्यांनी ती ओळखून पुरी केली की रंगराव मोकळा होईल, आणि काकूंना नवं पात्र मिळेल. मला वाटलं, झकास जमलं.

"मला ठावं न्हाई," काकू म्हणाल्या.

"काय?"

"त्याची इच्छा. माणूस काय सांगून जातोय व्हय? शोधा तुम्हीच."

आणि त्यांनी हातांची घडी घातली. मी अस्माकडे पाहिलं. तिनं कपाळाला हात लावला, पण मग टेबलावर कोपरं टेकून म्हणाली, "तुमच्यात दहाव्याला करतात बघा, कावळ्याचं. आमच्या शेजारच्या पोवारांच्यात बघितलंय मी. भात ठेवायचा, आणि मेलेल्याला सांगायचं, अमुक करतो, तमुक करतो. मनातलं नेमकं बोललं की कावळा येऊन शिवतो. करूया की रंगरावाचं. एका झटक्यात कळंल."

आमच्या जैनांत पिंड नाही, कावळा नाही. पण कोल्हापुरात जन्म काढून कावळा शिवण्याबद्दल ऐकलं नाही असा माणूस कुठे सापडणार? कल्पना मला एकदम पटली. धैर्याचा चेहरा उतरलेला मला दिसला, पण मी त्याचा अर्थ लावला नाही. मी त्याच्या आईकडे पाहिलं. आईला चालत नसेल तर थांबू, असा माझा हिशेब.

"करूया की," काकू म्हणाल्या. त्यांनी डबा उघडला, दहीभाताचा एक मुटका वळून डब्याच्या झाकणावर ठेवला आणि ते झाकण टेबलाच्या मध्यभागी सरकवलं. "खोटं खोटं कशाला, हाय की भात."

मी गोष्ट सुरू केली. नदीकाठचा घाट, सकाळचं ऊन, पायऱ्यांवर ठेवलेला भात, आणि समोर पिंपळावर बसलेला एक कावळा. रंगराव कावळ्याच्या डोळ्यांतून बघतोय, असं मी म्हणालो. नेमकं वाक्य आलं की काकूंनी हात पुढे करून भाताला बोट लावायचं, एवढा साधा नियम.

चिमणीनं सुरुवात केली. "रंगराव, तुमची तलवार मी विकणार नाही. मनात होतं माझ्या, पण नाही विकत."

काकू हलल्या नाहीत.

"तुमच्या घोडीला मी सांभाळतो," सोमा म्हणाला. "वैरण-पाणी सगळं."

काकू हलल्या नाहीत.

"तुम्हाला म्हातारा म्हणालो त्याबद्दल माफी मागतो," अस्मा म्हणाली, आणि ते चिमणीपेक्षा अस्माचंच बोलणं वाटलं. "त्या दिवशी मी लय बोललो."

काकूंनी तिच्या हातावर थोपटलं. पण भाताला बोट लावलं नाही.

मग दोघांनी काय काय कबूल केलं! ज्यानं तो कुजका दोर विकला त्याचा सूड घेऊ. रंगरावाच्या नावानं गावात पाणपोई घालू. त्याच्या अर्धवट राहिलेल्या घरावर कौलं चढवू. कावळा आपला पिंपळावर. धैर्याचा आवाज बारीक होत चालला होता, वाक्यं संपत आली होती, आणि मला खेळ पुढे न्यायचा होता. ऐकीव माहितीवर मी म्हणालो, "ऊन चढलंय. घाटावरचे गुरुजी म्हणतात, आता दर्भाचा कावळा करा आणि टेकवा भाताला."

"दर्भाचा नको," धैर्या म्हणाला.

"अरे, पण मग..."

"नको म्हटलं ना! दर्भाचा नको!"

तो सोमा नव्हता. खुर्ची मागे सारून तो उभा राहिला होता. अस्मानं माझ्याकडे पाहिलं. खालच्या दुकानात कुणीतरी शटर ओढलं, त्याचा आवाज वरपर्यंत आला.

"आप्पांना दर्भाचाच केला," तो म्हणाला. "बस. परत नको."

काकूंनीच विचारलं, "काय काय बोलला रे तुम्ही तिथं?"

"कुठं?"

"घाटावर. आप्पांच्या दहाव्याला. मी कधी इचारलंच न्हाई तुला."

धैर्या खाली बसला. भाताकडे बघत बोलायला लागला. "काका म्हणाले, शेताची वाटणी करत नाही. मामा म्हणाला, धैर्याचं लग्न थाटात करू. मी म्हटलं, आईला सांभाळतो. कुणीतरी म्हणालं, म्हैस विकत नाही."

"म्हैस? म्हैस कवाच विकली की आपण."

"सुचत नव्हतं आई कुणाला. शेजारच्या पिंडाला कावळे शिवून जात होते, आणि आपल्याकडं बघत पण नव्हते. मी तीन-तीनदा म्हटलं, आईला सांभाळतो, आईला सांभाळतो. नाहीच आला. मग गुरुजी म्हणाले, किती वेळ थांबायचं."

"मला काय झालंय सांभाळायला," काकू म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आणि मला बोलवायला कोण आलं?"

"बायका येत नाहीत ना आई, घाटावर."

"येत न्हाईत. ते खरं. पर इचारायचं तरी घरी येऊन, बाई, तुला काय ठावं हाय का. मी बसलेलो की घरात. भांडी बघत."

धैर्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं आणि जाताही येत नव्हतं. तेवढ्यात काकूंनी मिशीवरून बोट फिरवलं आणि रंगरावाच्या आवाजात म्हणाल्या, "मला काय पायजे, ते तुम्हांस्नी गावायचं न्हाई. माझ्या बायकोला ठावं हाय. घाटावर आणा तिला."

आता खेळातला नियम असा, की ज्या माणसाला खेळाडू नाही, त्याचं मास्तरनं बोलायचं. म्हणजे रंगरावाची बायको माझ्याकडे आली. चिमणी आणि सोमा तिला गावातून घेऊन आले, असं मी घाईघाईनं सांगून टाकलं, आणि घसा साफ करून बायकी आवाज काढला. "धनी, तुम्ही काळजी करू नका. मी घर नीट बघीन..."

"असं बोलत न्हाई ती," काकू म्हणाल्या.

"धनी, तुमच्यावाचून मला..."

"तसंबी न्हाई. मास्तर, तू सरक. तिचं मी बोलतो."

"पण काकू, मग रंगराव कोण?" मी म्हणालो. एका माणसानं एका वेळी दोन पात्रं करायची नाहीत, हा माझाच नियम. पण तोपर्यंत काकू उठल्या होत्या. टेबलाला वळसा घालून त्या माझ्या बाजूला आल्या, पदर कमरेला खोचला आणि आपण आत्ताच सोडलेल्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"ऐकलं का?" त्या म्हणाल्या. "आलो मी. उशीर झाला. कुणी बोलावलंच न्हवतं."

खुर्ची रिकामीच होती, पण आम्ही तिघंही तिच्याकडेच बघत होतो.

"माझ्या भावाच्या घराची वास्तुशांत होती. म्हैनाभर आधी सांगितलेलं तुम्हाला. येतो म्हणालेला. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवलेला मी. आणि सकाळी ताटावर बसून म्हणताय, आज फायनल हाय, मी मैदानात चाललो. फुटबॉल! हातभर मिशी पिकली, तरी फुटबॉल. मग मी बोललो. मी काय गप्प बसणारी हाय व्हय? लय बोललो. तुम्ही भाकरी टाकून उठला. चपला घातल्या. आणि मी दारातनं म्हटलं, जावा तिकडंच, परत येऊ नगा घरला."

खोचलेला पदर त्यांनी सोडवून घेतला.

"आणि जन्मात एकदा तुम्ही माझं ऐकलं."

आप्पा मैदानातच, बाकावर बसल्या बसल्या गेले, हे मला माहीत होतं. सगळ्या कोल्हापूरला माहीत होतं. मॅच थांबवली होती त्यांच्यासाठी. त्या सकाळचं मात्र कुणालाच माहीत नव्हतं. धैर्या आईकडे असा बघत होता, की मी नजर वळवली.

"रागात म्हटलेलं ते," काकू म्हणाल्या. आवाज आता अगदी साधा, घरातला होता. "घर तुमचं हाय. मी कोण नगं म्हणणारी? या की. भात वाढलाय. राग न्हाई आता माझा. जेवा, आन् मग जावा."

भात झाकणावर तसाच होता. त्याला बोट लावायला खुर्चीत कुणी नव्हतं. मी मास्तर. माझं एक वाक्य पुरलं असतं, 'कावळा उडाला, खाली आला'. एवढंच म्हणायचं होतं. इतकी वर्षं मी घडाघडा गोष्टी सांगत आलो होतो, आणि त्या क्षणी माझ्या तोंडातून शब्द फुटेना.

धैर्या उठला. टेबलाला दुसऱ्या बाजूनं वळसा घालून गेला आणि रंगरावाच्या खुर्चीत बसला. पाठ ताठ केली. नसलेल्या मिशीवरून बोट फिरवलं. झाकण पुढे ओढलं, भाताचा मुटका उचलला आणि त्यातला घास तोडून तोंडात घातला. सावकाश चावला.

"मीठ कमी हाय," तो म्हणाला.

काकूंच्या तोंडून जो आवाज निघाला तो आधी हसण्याचा होता. मग त्यांनी पदर तोंडाला लावला. धैर्यानं राहिलेला भात खाल्ला, शीतन् शीत वेचून खाल्ला, झाकण डब्यावर नीट बसवलं आणि उठून उभा राहिला.

"येतो मग," तो म्हणाला.

"सावकाश जावा," काकू म्हणाल्या.

अस्मा डोळे पुसत माझ्याकडे वळली आणि हळूच म्हणाली, "शिवला." मी मान हलवली. त्या दिवशी पुढे खेळ झाला नाही. अस्मानं खाली जाऊन चहा आणला, काकूंनी त्यात साखर जास्त झाली म्हणून तिला बोलून घेतलं, आणि आप्पा एकदा रेफरीच्या अंगावर धावून गेले होते त्याची गोष्ट सांगितली. धैर्या ती पहिल्यांदाच ऐकत होता.

निघताना जिन्यात मी त्याला थांबवलं. "तुला कळलं कधी, रंगराव म्हणजे कोण ते?"

"पहिल्याच दिवशी. मीठ कमी हाय म्हणाला तेव्हाच."

"मग बोलला का नाहीस?"

"तो रविवारी भेटायचा की रे मला," धैर्या म्हणाला आणि भरभर उतरून गेला.

पुढच्या रविवारी काकू येतील का, याची मला धाकधूक होती. भूत गेलं होतं, म्हणजे त्यांचं आमच्या टेबलाशी काम संपलं होतं, असा माझा तर्क. मी जडीबुटीवालीचा कागद फाडून टाकला होता. दुपारी जिन्यात पावलं वाजली, आणि काकू सगळ्यांच्या आधी वर आल्या. हातात मोठा डबा होता आणि एक कोरा कागद.

"लिही, मास्तर. रंगरावाची बायको."

"ती येणार? खेळायला?"

"येणार की. तिलाबी बघू दे, काय हाय त्या विहिरीत ते."

"नाव?"

काकूंनी जरा विचार केला. "शालन लिही," त्या म्हणाल्या.

"काकू, वय झालं की तिचं," अस्मा म्हणाली. ती तेवढ्यात आली होती आणि दारातूनच तिनं ऐकलं होतं. "दोरावरनं उतरणार का ती?"

"उतरणार. पर आधी सगळी जेवून घ्या. जेवल्याबिगर कोण उठायचं न्हाई."

त्यांनी डबा उघडला आणि आम्हा तिघांना वाढलं. त्या दिवशी दहीभातात मीठ चांगलंच जास्त पडलं होतं. आम्ही कुणी काही बोललो नाही, आणि धैर्यानं दुसऱ्यांदा मागून घेतला.